योसारियन आणि सुभेदारकाका

परवा रविवारी सकाळी सुभेदारकाका आमच्या फाटकातून आत आले ते काखोटीला पुस्तक मारूनच. पुस्तकाला त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलं होतं, आमच्या लहानपणी शाळेच्या पुस्तकांना घालायचे तसं, कोपरे नीट दुमडून. बसले. चहा नको म्हणाले. काका चहाला सहसा नको म्हणत नाहीत, तेव्हा काही तरी मनात आहे हे मी ओळखलं.

"सर, एक विचारू काय? मी अठ्ठावीस वर्षं फौजेत काढलो. हे पुस्तक वाचून मला राग यायला पाहिजे होता. आणि मी हसलो. घरातली सगळी झोपल्यावर एकटाच बसून हसलो. हे बरोबर काय?"

मला लगेच उत्तर सुचलं नाही. मुलांना पंचवीस वर्षं इंग्रजी साहित्य शिकवणाऱ्या माणसाला हे शोभत नाही, पण खरं ते सांगितलं पाहिजे. आजचं हे सदर म्हणजे काकांच्या प्रश्नावर आठवडाभर केलेला विचार आहे.

पुस्तक कोणतं ते आधी सांगतो. नाव 'कॅच-२२'. लेखक जोसेफ हेलर, अमेरिकन. १९६१ साली हे पुस्तक आलं तेव्हा हेलर जाहिरातींचा मजकूर लिहून पोट भरत होता आणि ही त्याची पहिलीच कादंबरी होती. १९५३ साली लिहायला घेतली, १९५५ साली पहिलं प्रकरण एका मासिकात आलं, आणि पुस्तक व्हायला आणखी सहा वर्षं लागली. तेव्हा नाव 'कॅच-१८' होतं. पण त्याच सुमाराला लिऑन युरिसची 'मिला १८' ही कादंबरी यायची होती, म्हणून अठराचे बावीस झाले. दुसऱ्या महायुद्धात हेलर स्वतः बॉम्बफेकी विमानात होता. कॉर्सिका बेटावरून त्याने साठ मोहिमा केल्या.

कादंबरीचा नायक योसारियन. तोही बॉम्बफेकी विमानात आहे, इटलीजवळच्या एका बेटावर. अमुक इतक्या मोहिमा केल्या की घरी जायचं, असा नियम. पण आकडा जवळ आला की कर्नल कॅथकार्ट तो वाढवतो. पंचवीसचा वाढत वाढत ऐंशीपर्यंत जातो. सुटायचा एकच मार्ग, डॉक्टरने वेडा ठरवायचं. डॉक्टर म्हणतो, वेड्याला मी जरूर घरी पाठवतो, पण त्याने तसा अर्ज केला पाहिजे. आणि मरणाच्या भीतीने जो अर्ज करतो तो शहाणाच, त्याला विमानात परत जावं लागेल. जो अर्ज करत नाही तो वेडा, पण अर्ज नाही म्हणून त्यालाही जावं लागेल. हाच तो 'कॅच-२२'. आज हा शब्द इंग्रजी शब्दकोशात आहे आणि पुस्तक न वाचलेली माणसंही तो वापरतात.

आमच्या ओसरीवर शनिवारी संध्याकाळी सहा-सातजण जमतात आणि वाचलेल्यावर बोलतात, हे या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. यंदा हे पुस्तक मीच सुचवलं. सुचवताना मनात थोडी धाकधूक होती. कारण धारवाडला एम.ए. करताना हेच पुस्तक जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेऊन मी साठाव्या पानावर सोडून दिलं होतं. परीक्षेला लागेल तेवढं कुणाच्या तरी नोट्समधून काढलं आणि पास झालो. पूर्ण वाचलं ते नोकरीला लागल्यावर, दहा वर्षांनी.

कट्ट्यावर काय काय झालं ते ऐका. बी.ए.च्या शेवटच्या वर्षातली एक मुलगी म्हणाली, "सर, गोष्ट पुढेच सरकत नाही. तेच तेच परत येतंय. एक माणूस विमानात जखमी झालाय, हे तर मी चारदा वाचलं." बँकेतून निवृत्त झालेल्या वहिनींनी दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर पात्रांची नावं लिहायला घेतली. पन्नासच्या पुढे गेल्यावर वही मिटली आणि म्हणाल्या, "माझ्या सासरच्या गोतावळ्यात इतकी नावं नाहीत." एका निवृत्त शिक्षकांना पुस्तकातल्या बायका खटकल्या. बहुतेक बायका पुरुषांच्या करमणुकीपुरत्याच आहेत, हे घरात मुलाबाळांसमोर ठेवण्यासारखं नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्यातला पहिला भाग मला नाकारता आला नाही. मोठ्या पुस्तकाचेही दोष असतात आणि हा या पुस्तकाचा खरा दोष आहे.

इंजिनिअरिंगला असलेल्या एका मुलाने मात्र ते आठवड्यात संपवलं. त्याला त्यातला मायलो आवडला. मायलो भोजनगृहाचा अधिकारी. विकता विकता एवढा मोठा व्यापारी होतो की शत्रूशी रीतसर करार करून आपल्याच तळावर बॉम्ब टाकून घेतो, आणि हिशेबाच्या वह्या दाखवून सुटतो. "सर, यात काय विचित्र आहे? हे तर रोजच्या पेपरात असतं," हा त्या मुलाचा शेरा.

आणि आमचे कन्नड विभागातले सहकारी. ते सगळं ऐकून घेतात आणि शेवटी एकच वाक्य बोलतात. या वेळी म्हणाले, "नगबेको अळबेको तिळिवल्दु." हसावं की रडावं कळत नाही. मग म्हणाले, आपल्याला यात नवं काय आहे? धारवाडच्या चंपांनी, म्हणजे चंद्रशेखर पाटलांनी, कन्नडात असली असंगत नाटकं लिहिलीच की. मी त्यांना सतीश आळेकरांच्या 'महानिर्वाण'ची आठवण करून दिली. १९७४ सालचं नाटक. मेलेला माणूस आपल्याच अंत्यविधीवर बोलतो आहे आणि प्रेक्षक हसताहेत. तेव्हा मरणाजवळ बसून हसणं दोन्ही भाषांना जमतं, एवढ्यावर आमचं एकमत झालं. पण का हसतो, हा प्रश्न तसाच राहिला.

आमच्याच कट्ट्याची अशी दोन तोंडं झाली असं समजू नका. पुस्तक आलं तेव्हाही असंच झालं होतं. न्यूयॉर्क टाइम्सच्या रविवारच्या ग्रंथ पुरवणीत परीक्षकाने ते पाडलं. 'नेशन' साप्ताहिकात नेल्सन आल्ग्रेन या कादंबरीकाराने ते डोक्यावर घेतलं. कापडी बांधणीची आवृत्ती अमेरिकेत बेताचीच खपली. इंग्लंडात १९६२ साली मात्र ते खपाच्या यादीत वर गेलं. मग कागदी बांधणीची स्वस्त आवृत्ती आली आणि कॉलेजच्या मुलांनी ते उचललं. पुढे व्हिएतनामचं युद्ध पेटलं तेव्हा तर योसारियनचं नाव असलेले बिल्ले लावून पोरं हिंडत होती. दुसरीकडे १९७२ साली ओहायो राज्यातल्या स्ट्राँग्सव्हिल गावाच्या शाळा मंडळाने ते शाळेतून हद्दपार केलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९७६ साली अपील कोर्टाने सांगितलं की ग्रंथालयात ठेवलेलं पुस्तक मंडळाला आवडत नाही एवढ्याच कारणाने काढता येणार नाही.

या सगळ्यांत मला सर्वात लक्षात राहिलेली प्रतिक्रिया इव्हलिन वॉ यांची. वॉ इंग्लंडचे मोठे विनोदी कादंबरीकार. स्वतः दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होते आणि त्या युद्धावर त्यांनी तीन कादंबऱ्या लिहिल्या. प्रकाशकांनी दोन कौतुकाचे शब्द मागायला पुस्तक पाठवलं. वॉ यांनी उलट टपाली कळवलं की संवाद गमतीचे आहेत, पण याला कादंबरी म्हणणं चूक आहे. हे सुटे तुकडे आहेत, पुन्हा पुन्हा तेच सांगणारे, आणि त्यांना आकार नाही. म्हणजे आमच्या बी.ए.च्या मुलीचं म्हणणं आणि वॉसाहेबांचं म्हणणं एकच. तिला मी हे सांगितलं तेव्हा ती खूश झाली. परीक्षेत लिहू का, असंही विचारलं.

आता आमच्या आत्याची गोष्ट सांगतो, म्हणजे विषय थोडा उलगडेल.

आत्या निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वय वर्षं ब्याऐंशी. दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो, हे घरात पेन्शनर असलेल्या सर्वांना माहीत आहे. आत्याचं नाव एका कागदावर कन्नडातून इंग्रजीत गेलं, दुसऱ्यावर मराठीतून इंग्रजीत. त्यामुळे दोन्ही कागदांवर स्पेलिंग वेगळं. एका वर्षी यंत्राने ते नाव नाकारलं आणि पेन्शन थांबली. मी आत्याला रिक्षात घालून एका ऑफिसात नेलं. खिडकीतला मुलगा सज्जन होता. आत्याकडे बघून म्हणाला, "अज्जी, नीवु बंदीरि, खरे. कागदा येल्लैती?" आजी, तुम्ही आलात हे खरं, पण कागद कुठाय? कागदावरचं नाव दुरुस्त करायला पेन्शनचा हुकूम पाहिजे. हुकुमाची नक्कल दुसऱ्या ऑफिसात मिळणार, पण तिथे ओळख पटली पाहिजे. आणि ओळख पटवायला नाव दुरुस्त केलेला कागद पाहिजे. आत्या काउंटरला धरून उभी, श्वास घेते आहे, पाणी मागते आहे, आणि ती जिवंत असल्याचा पुरावा कुठेच नाही. चार महिने गेले. त्या चार महिन्यांत तिने ब्लडप्रेशरची गोळी एक दिवसाआड घ्यायला सुरुवात केली होती, हे आम्हाला नंतर कळलं.

'कॅच-२२'मध्ये असा एक प्रसंग आहे. डॉक्टर डॅनिकाला विमानात बसायची भीती वाटते. पण उड्डाणाचा भत्ता मिळावा म्हणून तो विमानात न बसताच यादीत आपलं नाव घालून घेतो. एके दिवशी ते विमान कोसळतं. यादीत नाव आहे, म्हणजे डॉक्टर मेला. तो सगळ्यांसमोर उभा आहे, ओरडून सांगतो आहे, पण यादीपुढे त्याचं काय चालणार? पगार बंद होतो. तिकडे त्याच्या बायकोला विम्याचे पैसे मिळतात आणि ती पत्ता न ठेवता दुसऱ्या गावी निघून जाते. हे प्रकरण मी कट्ट्यावर मराठीत सांगत होतो तेव्हा आत्या आत गवार निवडत होती. आतूनच म्हणाली, "हा डॉक्टर माझ्याच पेन्शनच्या रांगेत होता काय रे?" सगळे हसले. आत्याही हसली. मी मात्र गोळ्यांचा हिशेब आठवून गप्प झालो.

कोणी म्हणेल, हे कादंबरीत ठीक आहे. तर उत्तर प्रदेशातल्या आझमगड जिल्ह्यातल्या लाल बिहारींचं नाव अनेकांनी ऐकलं असेल. जमिनीच्या लोभाने नातेवाइकांनी त्यांना महसुली दप्तरात मृत दाखवलं. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला त्यांनी नावापुढे 'मृतक' लावलं, निवडणुका लढवल्या, आपल्यासारख्या इतरांचा मृतक संघ काढला. १९९४ साली ते कागदावर पुन्हा जिवंत झाले. त्यांच्यावर २०२१ साली 'कागज' हा हिंदी सिनेमाही आला.

तर माझं म्हणणं असं. ज्याच्या वाट्याला असा एखादा कागद कधी आला नाही, त्याला हे पुस्तक अतिशयोक्त वाटतं. ज्याच्या वाट्याला आला, त्याला ते आपल्या घरचं वाटतं. हुशारीचा यात फारसा संबंध नाही. साठाव्या पानावर पुस्तक सोडणारा मी मूर्ख नव्हतो. मला तोपर्यंत कुठल्याही खिडकीतून कुणी परत पाठवलं नव्हतं, एवढंच.

पण याने काकांच्या प्रश्नाचं अर्धंच उत्तर होतं. आत्या हसली, कारण ती सुटली. पेन्शन पुन्हा सुरू झाली. युद्धात जे सुटले नाहीत त्यांचं काय? त्यांच्यावरच्या पुस्तकात हसायचं का?

इथे त्या मुलीने म्हटलेलं 'तेच तेच' पुन्हा बघू या. विमानात जखमी झालेला तो माणूस म्हणजे स्नोडेन नावाचा कोवळा पोरगा. पुस्तकाच्या सुरुवातीला त्याचा नुसता उल्लेख येतो. मग विनोद, गोंधळ, जेवणखाण. पुन्हा स्नोडेन, थोडा जास्त. पुन्हा विनोद. प्रत्येक वेळी योसारियन त्या विमानात जातो, पायाच्या जखमेला पट्टी बांधतो आणि आपण बाहेर येतो. नेमकं काय झालं होतं ते शेवटाजवळ, एकेचाळिसाव्या प्रकरणात कळतं. पट्टी भलत्याच जखमेला बांधली होती. खरी जखम जाकिटाच्या आत होती. ते पान वाचल्यावर आधीचे सगळे विनोद निराळे दिसायला लागतात. हेलरला हे कुठून सापडलं असेल याचा अंदाज करता येतो. ऑगस्ट १९४४ मध्ये फ्रान्समधल्या आव्हिन्यों शहरावरच्या मोहिमेत त्याच्याच विमानातला एक गनर मांडीला जखम होऊन पडला आणि हेलरने त्याची मलमपट्टी केली. तो गनर वाचला. कादंबरीतला स्नोडेन वाचत नाही.

सुभेदारकाकांना इंग्रजी बेताचं येतं. एकेक प्रकरण मी मराठीत सांगायचो, मग ते घरी नातवाला शेजारी बसवून तेच प्रकरण वाचायचे. शेवटची दोन-तीन त्यांनी डिक्शनरी घेऊन एकट्याने वाचली.

काकांची स्वतःची एक गोष्ट आमच्या गल्लीत प्रसिद्ध आहे. १९८७ साली शांतिसेनेबरोबर ते श्रीलंकेत होते. त्यांच्या लंगरमध्ये विजापूरकडचा एक पोरगा स्वयंपाकी होता. त्याने रानात, तंबूत, तेलाच्या डब्याचा पत्रा तापवून होळगी केली. पुरण कच्चं, पोळ्या जाड, आणि साहेबांनी त्या मिटक्या मारत खाल्ल्या. काका साहेबांची नक्कल करतात, पोराची कन्नड-हिंदी करतात, आम्ही हसून लोळतो. गेली बारा वर्षं ही गोष्ट मी ऐकतो आहे. "आणि मग दुसऱ्या दिवशी..." इथे काका थांबतात, घड्याळ बघतात आणि उठतात. दुसऱ्या दिवशी काय झालं हे आम्ही कुणी विचारलेलं नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं, गोष्ट तिथेच संपते.

रविवारी मी गप्प बसलेला बघून काकांनी स्वतःच विषय काढला.

"त्या स्नोडेनचं शेवटी सांगतोय तो. पहिल्यांदाच का सांगितला नसेल?"

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

काकांनी पुस्तकाचं कव्हर जरा नीट केलं. "लवकर सांगता येत नाही, सर. जवळ जवळ जायचं, परत यायचं. हसल्याशिवाय तिथवर जाताच येत नाही."

मग म्हणाले, "चहा टाका म्हणावं वहिनींना."

वॉसाहेब मोठे लेखक होते, सैनिकही होते. त्यांना पुस्तकाला आकार दिसला नाही. आमच्या गल्लीतल्या सुभेदाराला तो दिसला, कारण त्यांची स्वतःची गोष्ट त्याच आकाराची आहे. मला जे एम.ए.ला कळलं नाही आणि शिकवतानाही नीट सांगता आलं नाही, ते काकांनी चहाआधी सांगून टाकलं. तेव्हा काका, हसलात ते बरोबरच केलंत. तिथवर जायची वाट तीच होती.

वाचायला घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. नावांची यादी करू नका, वहिनींसारखी वही भरेल. महत्त्वाची माणसं आपोआप लक्षात राहतात. आणि साठाव्या पानावर कंटाळा आला तर पुस्तक मिटून ठेवा, पण रद्दीत घालू नका. दहा वर्षांनी उघडा.

आणखी एक. घरातलं कुणी तीच ती गमतीची गोष्ट पुन्हा सांगत असेल, तर 'हे मागेही सांगितलंत' असं म्हणून त्यांना तोडू नका. कुठे थांबतात तेवढं लक्ष ठेवा.

पुस्तक काकांनी परत केलं नाही. कव्हर घालून आणलं होतं ते मला दाखवायला. नातवाला अजून वाचायचं आहे म्हणाले आणि पुन्हा काखोटीला मारून घेऊन गेले.